बुटीबोरीची पॅसेंजर आणि मुलींचा पास



नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली पॅसेंजर अजनी, खापरी, गुमगाव घेत बुटीबोरीला येते आणि पुढे बोरखेडी, सिंदी, तुळजापूर करीत जाते. मोठ्या गाड्यांना या गावांच्या पाट्या वाचायलाही सवड नसते. आपल्या माणसांसाठी थांबते ती हीच गाडी.

खरे तर ही लाईन आली ती कापसाच्या ओढीने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 साली नागपुरास पोहोचली आणि इकडच्या गाठी मुंबई बंदराकडे जाऊ लागल्या. पुढे कोळशासाठी बुटीबोरीहून उमरेडकडे फाटा निघाला. माल आधी, माणूस नंतर, असाच येथला रिवाज दिसतो! मेल जाईपर्यंत पॅसेंजर बाजूच्या रुळावर ताटकळते. नागपूर-सेवाग्राम दरम्यान तिसरा व चौथा मार्ग टाकण्याचे काम हाती घेतले आहे. ते झाले की ही रखडपट्टी कमी व्हावी.

उशीर होतो म्हणून या गाडीला नावे ठेवणाऱ्यांनी 2020 साल आठवावे. मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या. पुन्हा धावू लागल्या तेव्हा किमान भाडे 10 चे 30 रुपये झाले होते. सांबार-पालकाच्या जुड्या घेऊन नागपूरच्या कॉटन मार्केटात जाणाऱ्या बाईचे जाऊन-येऊन 60 रुपये भाड्यातच जायचे. तिला उरणार काय? फेब्रुवारी 2024 मध्ये भाडे पुन्हा 10 रुपयांवर आले. सामान मात्र बेताने न्यावे. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर माणशी 35 किलो मोफत नेता येते.

आता महत्त्वाचे. गावोगावच्या बैठकांत मी विचारतो, तेव्हा दहावीनंतर मुलगी घरी बसल्याचे कारण बहुधा एकच निघते : जाण्यायेण्याचा खर्च. धाकट्या भावाला मोटारसायकल मिळते, ते निराळे. पण रेल्वेची सवलत फार थोड्यांना ठाऊक आहे. घराजवळच्या स्टेशनापासून शाळा-कॉलेजच्या स्टेशनापर्यंत मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. म्हणजे बुटीबोरीची मुलगी नागपुरात बी.एस्सी. करू शकते आणि गाडीभाड्याचा एक पैसाही लागत नाही. त्यासाठी मुख्याध्यापकांचा किंवा प्राचार्यांचा सहीशिक्क्यानिशी दाखला लागतो. तो कोणत्या नमुन्यात हवा, हे स्टेशनच्या तिकीट खिडकीवर आधी विचारून घ्यावे म्हणजे हेलपाटा वाचतो.

बाकीच्यांनी तिकीट जरूर काढावे. विनातिकीट सापडल्यास भाड्याशिवाय किमान 250 रुपये दंड बसतो. शिवाय थांबा ठेवायचा की नाही, हे ठरवताना रेल्वे तिकीटविक्री पाहते.

आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात. पेरणीच्या घाईत दाखला राहून जातो. तेव्हा प्रवेशाच्या दिवशीच तो मागून घ्यावा.