शेततळ्यातील मासे आणि मोरचूद

पावसाळा सरला की शेततळ्याच्या पाण्यावर हिरवे शेवाळ दाटू लागते. त्यावर मोरचुदाची पुरचुंडी दोरीने पाण्यात सोडण्याचा उपाय अनेक जण करतात. बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद द्राक्षबागायतदाराच्या घरी असतेच. शेवाळ मरते हे खरे; परंतु त्याच पाण्यात कटला, रोहू किंवा मृगळ यांची बोटुकली सोडलेली असल्यास हा उपाय अंगाशी येण्याचा संभव असतो.

कल्ले हे माशाचे केवळ श्वसनाचे इंद्रिय नव्हे. गोड्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्यामुळे मासा ते कल्ल्यांवाटे सतत शोषून घेत असतो. विरघळलेले तांबे नेमकी हीच क्रिया बंद पाडते. कल्ले सुजतात, त्यांवर बुळबुळीत थर साचतो आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

अलीकडे तांबे, जस्त यांचे अतिसूक्ष्म कण असलेली नॅनो द्रावणेही शेतीत येऊ लागली आहेत. मात्रा थोडी, म्हणून धोकाही थोडा, असे मानणे बरोबर नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये झेब्रा माशांवर तांब्याच्या अशा कणांचा प्रयोग प्रसिद्ध केला. हा चिमुकला मासा मूळचा आपल्याच देशाकडील. लिटरला सुमारे दीड मिलिग्रॅम कण असता 48 तासांत निम्मे मासे मेले. कल्ल्यांची झालेली हानी केवळ विरघळलेल्या तांब्याने झाली नसून कणांचाही तीत वाटा होता, असे आढळले.

आता आपल्या तळ्याचा हिशेब पाहू. तीस मीटर लांब-रुंद व तीन मीटर खोल, उतरत्या कडांचे तळे भरले म्हणजे सुमारे 22 लाख लिटर पाणी राहते. एक किलो मोरचुदात तांबे पाव किलो. म्हणजे लिटरला 0.11 मिलिग्रॅम. तेच मे महिन्यात, पाणी अर्धा मीटर उरले असता, हे प्रमाण 0.8 मिलिग्रॅमवर जाते. मऊ पाण्यात एवढे तांबे बोटुकलीच्या जिवावर बेतते. विहिरीचे जड पाणी व तळाचा गाळ तांब्याचा जोर पुष्कळ कमी करतात. पण प्लॅस्टिक अंथरलेल्या, पावसाच्या पाण्याने भरलेल्या तळ्यात हे दोन्ही रक्षक नसतात. दिसावयास स्वच्छ असे हे तळेच अधिक जोखमीचे!

शेवाळ एकदम मेले तर ते कुजताना प्राणवायू खाते, हे निराळेच. म्हणून मासे असलेल्या तळ्यात शेवाळ जाळीने ओढून काढावे. फवारणीचा पंप व पिंपे तळ्याच्या वरच्या अंगास धुऊ नयेत. ते पाणी तळ्यापासून व विहिरीपासून दूर, पडीक जमिनीत मुरवावे.

पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून येतात, तेव्हा पुष्कळदा प्राणवायूच कमी पडलेला असतो. ऊन चढल्यावर ते पुन्हा खाली जातात. मात्र फवारणी किंवा औषध सोडल्यानंतर भर दुपारीही ते वरच तळमळत राहिले, तर कार्यकर्त्याने प्रथम पंप कोठे धुतला याची चौकशी करावी आणि विहिरीचे ताजे पाणी तळ्यात तत्काळ सोडावयास सांगावे.