मशिन बदलायच्या आधीचा एक दिवस

पहाटे ५.३०

फेब्रुवारी संपत आला तरी न्यू जर्सीतली थंडी हटायचं नाव घेत नाही. हिवाळ्यात उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, गॅरेजमध्ये जाऊन व्हॅनचं मागचं दार उघडायचं हा माझा नेम. आत रात्रभर एक छोटा इलेक्ट्रिक हीटर चालू असतो. तो मध्येच बंद पडला तर पंपात उरलेलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि पंपाला चीर पाडतं. आज नळीला हात लावून बघितला. कोमट लागली.

‘घरोघरी जाऊन कार्पेट धुतो’ असं सांगितलं की गावाकडच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर बादली आणि ब्रश येतो. व्हॅनच्या पोटात काय आहे ते त्यांना एकदा दाखवायला हवं. पेट्रोलचं इंजिन पंपही फिरवतं आणि ब्लोअरही. पंप गरम पाणी बारीक नळीतून घरात ढकलतो, हातातल्या वाँडमधून ते कार्पेटच्या धाग्यांत शिरतं आणि लगोलग ब्लोअर ते मळासकट दोन इंची जाड नळीतून ओढून परत व्हॅनमधल्या टाकीत आणतो. पाणी तापवायला वेगळा बर्नर नाही. इंजिनचा धूर आणि ब्लोअरमधून बाहेर पडणारी हवा यांचीच उष्णता त्याला मिळते.

हे मशिन आता थकलंय. दुपारी डीलरकडे नवं बघायला जायचं ठरलंय.

सकाळी ६.१५

टाकीत शंभर गॅलन पाणी भरलं. शंभर गॅलन म्हणजे जवळपास पावणेचारशे किलो. मशिनचं वजन साधारण तेवढंच, वर नळ्या, रसायनं आणि आम्ही दोघं. मशिन निवडताना लोक हॉर्सपॉवर विचारतात, पण आपल्या व्हॅनला किती वजन झेपेल ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. अचानक ब्रेक दाबला की पाठीमागून हे सगळं ओझं ड्रायव्हरच्या मानेवर येऊ बघतं. म्हणून मशिन लाकडी फळीवर नुसतं स्क्रूनं बसवून चालत नाही, ते गाडीच्या सांगाड्यापर्यंत बोल्टनं जखडावं लागतं.

सोबतचा पोरगा होंडुरासचा, कामाला चोख. त्याला रस्त्यात घेतलं आणि पेट्रोल भरलं. या राज्यात ग्राहकानं स्वतः पेट्रोल भरायला १९४९ पासून बंदी आहे, त्यामुळे गारठ्यात उतरावं लागत नाही. मशिनही व्हॅनच्याच टाकीतून पितं, तेव्हा मायलेजचा हिशेब आमच्या कामाचा नाही.

सकाळी ७.१५

रूट वनवरचं एक ऑफिस. लोक यायच्या आत उरकायचं. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांबरोबर आत येतं आणि दारापासून लिफ्टपर्यंत पांढरट पट्टा उमटतो. त्यातलं कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे कार्पेट कायम दमट आणि मळाला आमंत्रण. थोडं आम्लधर्मी पाणी मारून दोनदा ओढलं की जातं. काम सरळ आहे, लिहिण्यासारखं फार नाही.

सकाळी ९.३०

प्लेन्सबरोमधलं घर. दार उघडलं ते पुण्याहून लेकीकडे आलेल्या आजींनी. लेक वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. मराठी आडनाव बघून त्यांनी आधी चहा टाकला, मग डाग दाखवला. सोफ्यासमोर हाताच्या पंजाएवढा, विटकरी लाल.

“हळद आहे हो,” आजी म्हणाल्या. “नातवानं वरणाची वाटी उपडी केली. पिवळा डाग होता. मी साबणानं घासला आणि बघा काय झालं. मला वाटलं रंगच उडाला कार्पेटचा.”

“रंग नाही उडाला आजी. साबण लागला म्हणून हळद लाल झाली. चुना घालून कुंकू करतात ना, तसंच.”

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो, आम्ल लागलं की पुन्हा पिवळा. धुण्याआधी मारायचं आमचं रोजचं प्री-स्प्रे अल्कलीचंच असतं, म्हणून या जागेभोवती रिंगण सोडून बाकीची खोली मारली. डागावर आधी आम्लधर्मी पाणी टाकलं, तसा तो आजींच्या देखत लालाचा पिवळा झाला. मग सोफ्याखालच्या कोपऱ्यात थोडंसं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून कार्पेटचा रंग टिकतो का ते पाहिलं, टिकला, तेव्हा ते डागावर लावलं.

“आम्ही उन्हात टाकायचो,” आजी म्हणाल्या.

तेही खरंच. उन्हानं हळद विटते. पण हे कार्पेट उचलून गच्चीत नेता येत नाही. चारी भिंतींच्या कडेला खिळ्यांच्या पट्ट्यांवर ताणून बसवलेलं असतं आणि खाली फोमची गादी. म्हणून तर धुण्याचा कारखाना दारात आणावा लागतो. हे विणतात कुठं, असं आजींनी विचारलं. बहुतेक सगळं जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावाच्या आसपास होतं, आणि विणत नाहीत, सुयांनी धागा कापडात टोचतात. तिथं १८९५ साली कॅथरिन इव्हान्स नावाच्या किशोरवयीन मुलीनं हातानं टाके घालून एक पलंगपोस केला, त्याचा गावभर धंदा झाला आणि पुढे त्याच टाक्याचं कार्पेट झालं. गोधडी शिवणाऱ्या बाईला ही गोष्ट सांगायला मजा येते.

या घरात माझ्या मशिनची खोड पुन्हा दिसली. डागाच्या जागी मला पाणी कोमट हवं होतं आणि जेवणाच्या टेबलाखाली कडक, कारण कार्पेट पॉलिएस्टरचं आहे आणि पॉलिएस्टर तेल सोडत नाही. तिथं दोनशे फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे नव्वद सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं. आमचं मशिन मर्जीनं तापतं. मिनिटभर ट्रिगर सोडला तर आतलं पाणी उकळीला येतं, नंतर सलग दहा मिनिटं चालवलं तर गार पडायला लागतं. जाहिरातीत किती तापतं ते मोठ्या अक्षरांत असतं. सांगितलं तेवढंच तापतं का, हे कुठंच छापत नाहीत.

सकाळी ११.४०

पुढच्या घरी दोन खोल्या झाल्या आणि वाँडमधलं पाणी एकाएकी बंद. ओढ चालू, पाणी नाही. म्हणजे पंपाचा बेल्ट. बाहेर येऊन कव्हर काढलं तर तळाशी रबराच्या चिंध्या. ड्रायव्हरच्या सीटमागे नवा बेल्ट असतोच. दोन बोल्ट सैल केले, पंप आत सरकवला, बेल्ट चढवला, ताण दिला, पाना फिरवला. घरमालकीण कॉफी पिऊन व्हायच्या आत पाणी सुरू.

हाच पंप इंजिनच्या मागे, ब्लोअरच्या खाली कोंबलेला असता तर दिवस गेला असता. अशी मशिनं आहेत, आणि दिसायला फार देखणी आहेत. सगळं एका चकचकीत डब्यात बसवलेलं, ऑइल फिल्टर बदलायला मात्र अर्धा डबा उचकटायचा.

दुपारी १.१५

डबा व्हॅनमध्येच खाल्ला. पोळी-भाजी. पोऱ्यानं त्याचे तमाले काढले, एक मला दिला.

दुपारी २.००

डीलरचं दुकान. विक्रेता तरतरीत, आकडे तोंडपाठ. एक्केचाळीस हॉर्सपॉवर, सत्तेचाळीस नंबरचा ब्लोअर, हजार पौंड दाब. सत्तेचाळीस म्हणजे चार इंची गिअर आणि सात इंच लांबीचे लोब, एवढं माहीत असलं की आकडे ऐकायला सोपे जातात. हजार पौंडाचा दाब फरशी धुवायला लागतो. कार्पेटला तीनशे ते पाचशे पुरतो, त्याहून जास्त दिला तर पाणी खालच्या फोममध्ये जाऊन बसतं.

त्यानं आधी मोठं दाखवलं, मोटारीचं इंजिन बसवलेलं, रेडिएटरवालं. दोन वाँड एकदम चालतात. पूरग्रस्त घरं उपसणाऱ्यांना ते हवं, माझ्या एका वाँडला ते परवडत नाही. मग डायरेक्ट ड्राइव्ह. त्यात वेगळं इंजिन नसतं, व्हॅनचंच इंजिन मशिन फिरवतं. जागा भरपूर उरते, आवाज कमी, पाणी छान तापतं. पण उभ्या गाडीचं इंजिन रोज तासन् तास पळत राहतं आणि किलोमीटरच्या आकड्यात ते दिसत नाही. शिवाय व्हॅन गॅरेजला गेली की धंदाही गॅरेजला. ज्याच्याकडे तीन-चार गाड्या आहेत त्यानं खुशाल घ्यावं. एका गाडीवाल्यानं स्वतंत्र इंजिनचं मशिन घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. गाडी मेली तर ते उचलून दुसरीत बसवता येतं. त्यावरची कोहलर, कावासाकी किंवा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनची व्हॅनगार्ड ही इंजिनं गवत कापायच्या मोठ्या यंत्रांवरही असतात, त्यामुळे इथल्या गावोगावी ती उघडणारा माणूस सापडतो.

अशी दोन मशिनं मला चालवून बघायची होती. दुकानात पंधरा फुटांच्या नळीवर सगळीच मशिनं वाघ असतात. मी माझी दीडशे फूट नळी आणि माझा वाँड व्हॅनमधून काढला, तसा विक्रेत्याचा चेहरा जरा उतरला. पहिल्याचा काटा सुरुवातीला दोनशे तीसवर होता, सलग चालवल्यावर एकशे सत्तरवर आला. दुसरं दोनशे दहाच्या वर कधी गेलं नाही, पण खालीही फारसं आलं नाही. दोन मिनिटं थांबून पुन्हा ट्रिगर दाबला तरी उकळी नाही. ओढ दोन्हींची चौदा इंच पाऱ्याच्या आसपास. मग मी विक्रेत्याला म्हटलं, मला मागे वर्कशॉपमध्ये सोड.

मागचा मेकॅनिक कमी बोलणारा. त्याला विचारलं, दुरुस्तीला सगळ्यात जास्त काय येतं? त्यानं नावं घेतली नाहीत, बाकावरचा एक उघडा ब्लोअर दाखवला. आत आठच्या आकड्यासारखे दोन लोखंडी लोब. ते एकमेकांना न चिकटता, केसभर अंतर राखून फिरतात, म्हणून तर ओढ मिळते. इंडियानातल्या रूट्स बंधूंनी एकोणिसाव्या शतकात काढलेली युक्ती, अजून तीच चालते. इथं त्या केसभर फटीत नारिंगी गंज भरला होता. लोब हातानं हलवून बघितले, भिंतीसारखे घट्ट.

“टाकी भरली, फ्लोट स्विच अडकला, पाणी इथवर आलं,” तो म्हणाला. “मालकानं तसंच बंद करून शनिवार-रविवार उभं ठेवलं.”

मग त्यानं दोन्ही मशिनांच्या टाक्या उघडून दाखवल्या. पहिल्यात फ्लोट आणि जाळी अशा कोपऱ्यात की हात मनगटापर्यंतच जातो. दुसऱ्यात झाकण उचललं की समोर. जी जाळी सहज हाताला लागते ती माणूस रोज साफ करतो, माझं मशिन निवडून झालं ते इथं. बेल्ट, पंपाचे सील आणि क्लच दुकानात शिल्लक असतात का, हेही त्यालाच विचारलं. त्यानं फडताळ दाखवलं. मशिन अडकून पडलं तर तेवढ्या दिवसांपुरतं दुसरं मिळतं का, यावर मात्र तो म्हणाला, “ते पुढे विचारा.” पुढे विचारलं. मिळतं, पण लेखी मागून घ्या, असं विक्रेताच हळूच म्हणाला. प्रामाणिक पोरगा.

दुपारी ४.३०

तिसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट, लिफ्ट नाही. नळी जिन्यानं वर नेली. प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक फुटाला ओढ थोडी मरते, कार्पेट ओलं राहतं. अशा वेळी ब्लोअर मोठा असल्याचा खरा उपयोग. खाली व्हॅन उभी करताना धुराचं तोंड इमारतीपासून लांब वळवलं आणि पोऱ्याला तळमजल्याच्या खिडक्या बघून यायला सांगितलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार उघडं ठेवून नळी आत नेताना धूर घरात ओढला जाऊ शकतो, आणि धुराचा पाइप कुठल्या बाजूला काढायचा हे मशिन बसवतानाच ठरवावं लागतं. हेही आजच्या यादीत लिहून ठेवलं.

संध्याकाळी ६.४५

मळकं पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडायचा मोह इथल्या प्रत्येकाला होतो. ते गटार पावसाच्या पाण्याचं, आणि या भागातलं ते पाणी शुद्ध न होता रॅरिटन नदीला जाऊन मिळतं. त्यामुळे कायद्यानं ते सांडपाण्याच्या नळालाच सोडावं लागतं. ठरलेल्या जागी टाकी रिकामी केली. तळाला राहिला तो केसांचा, लोकरीचा, कुत्र्याच्या फरचा ओला गोळा. जाळी धुतली. मग इंजिन चालू ठेवून ब्लोअरच्या छोट्या तोंडातून तेलाचा फवारा मारला, आतलं पाणी वाळेपर्यंत हवा ओढू दिली. दुपारचा तो नारिंगी गंज डोळ्यांसमोर होता, त्यामुळे फवारा जरा जास्तच गेला.

उद्या क्षार काढायचं औषध फिरवायचंय. बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलची जी गत होते तीच हीट एक्स्चेंजरची होते.

रात्री ८.३०

जेवण झाल्यावर डीलरला मेल लिहिला. दुसरं मशिन घेतो. किंमत वीस हजार डॉलरांच्या पुढे जातेय, त्यात बेल्ट, सील आणि फिल्टरचा एक जादा संच धरा. बदली मशिन देण्याचं आश्वासन बिलावर लिहा. धुराचा पाइप ड्रायव्हरच्या बाजूनं काढा, कारण मी गाडी नेहमी उजव्या कडेला लावतो आणि घर उजवीकडे येतं. बसवायच्या दिवशी मागच्या मेकॅनिकनं स्वतः हजर असावं. आणि हे सगळं मार्चच्या आत, कारण एप्रिल लागला की घरं विकायला निघतात, भाडेकरू बदलतात आणि आम्हाला गाडी उभी करायला दिवस मिळत नाही.

बायकोनं वाचून विचारलं, “जुन्याचं काय?”

त्याचं इंजिन अजून धड आहे. पोऱ्यानं संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, ते विकायचं झालं तर कितीला द्याल. उद्या त्याच्याशी बसून बोलावं लागेल.