गंजिफा : हातानं रंगवलेले पत्ते

मंडळी, वरोऱ्याकडे शेतीची कामं उरकली, पारावर चार डोकी जमली, की पत्त्यांचा डाव रंगतोच. आपले बावन्न पत्ते छापखान्यातून येतात. पूर्वी मात्र चितारी लोक ते हातानं रंगवीत. त्यांना गंजिफा म्हणतात, आणि कोकणात सावंतवाडीस ते आजही तयार होतात.

दशावतारी गंजिफाची पानं गोल, एकूण १२०. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. खेळणारे तिघे, म्हणजे वाट्याला चाळीस पानं! पाच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो डाव सुरू करतो, रात्री कृष्णाचा. हुकूम नसतोच. पडलेली पानं जो ध्यानात ठेवील, तोच जिंकेल.

खेळ वाईट नाही. पैसा लागला की बिघडतो. इंग्लंडात विल्यम हॉगार्थनं १७३५ साली छापलेल्या चित्रमालेत जुगारापायी धुळीस मिळालेला तरुण दिसतो, तो उगीच नव्हे.

पुढं छापील पत्ते स्वस्त झाले आणि चिताऱ्यांचं काम बसलं. १९७० नंतर शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या शिकून घेतली, राजवाड्यात कामास जागा दिली. म्हणून ती वाचली.

गुरुजी, जाड कागदाचे गोल कापून चिंचोक्याच्या खळीनं थरावर थर चिकटवा. मुलांकडून अवतार रंगवून घ्या. मोजदाद आणि गोष्टी, दोन्ही खेळता खेळता पाठ होतील.