आप्पा असे नव्हते!

वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. गोष्टीतल्या माणसाला अडवणारे कुणीतरी हवे, हे मी इतक्या वर्गांना सांगितले की ते आता माझे मलाच पाठ केल्यासारखे वाटू लागले होते. ते खरे आहे, हे मला यंदाच्या मे महिन्यात एका यंत्राने पटवले. आणि तेही त्याच्या नकळत!

झाले ते असे. कन्या सुट्टीला घरी आली होती. तिच्या संगणकावर एक खेळ रंगला होता. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरे. चार ओळी तिने लिहायच्या, पुढच्या चार यंत्राने.

"बाबा, तुम्ही लिहून बघा ना. यात काहीही लिहिलेलं चालतं."

हा खेळ तसा जुना. अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ विल क्राउदर हे गुहा धुंडाळण्याचे शौकीन. घटस्फोट झाला, मुली दुरावल्या. तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून या गृहस्थांनी १९७५-७६ च्या सुमारास केंटकीतल्या मॅमथ गुहेवर अक्षरांचा एक खेळ रचला. पुढे १९७७ साली डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली. त्या गुहेत आज्ञा द्यायची ती एकदोन शब्दांची. 'उत्तरेला', 'दिवा घे', एवढेच. यापलीकडे काही लिहिले की यंत्राने कळले नाही म्हणून हात वर केलेच! २०१९ साली निक वॉल्टन या अमेरिकन तरुणाने 'एआय डन्जन' काढला आणि ही भिंत पडली. अफाट मजकुरावर तयार झालेले हे नवे यंत्र मागचे शब्द पाहून पुढे कोणते शोभतील याचा अंदाज बांधते. गुहेतून निघून तुम्ही थेट कोल्हापूरच्या तालमीत शिरलात, तरी ते मुकाट्याने मागे येते.

मी तालमीत गेलो नाही. आमच्या जुन्या घरी गेलो. लिहिले : संध्याकाळ झाली आहे. आप्पा ओटीवर सुपारी कातरत बसले आहेत. मी अंगणात उभा आहे.

आप्पांना जाऊन अकरा वर्षे झाली. इंजिनिअरिंगची मिळालेली जागा सोडून मी मराठी घेतले, तेव्हापासून दोन वर्षे ते माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलले ते पावसाबद्दल, भाताबद्दल. त्या विषयावर कधीच नाही.

मी पुढे लिहिले, "आप्पा, माझं चुकलं का?"

क्षणात उत्तर उमटले. आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. मला जवळ घेऊन त्यांनी सांगितले की तुझा मला नेहमीच अभिमान वाटत आला आहे. खोटे कशाला बोलू? माझा गळा दाटून आला. आणि लगेच संताप आला. आप्पा असे नव्हते!

मी यंत्राला बजावले, आप्पा कठोर आहेत. ते कठोर झाले. पण थोड्या वेळाने पुन्हा विरघळले. अशा यंत्राच्या नजरेपुढे एका वेळी ठरावीक मजकूरच मावतो. शिवाय लिहिणाऱ्याचे मन राखण्याकडे त्याचा कल. पुढे तर आप्पा चहा पिऊ लागले. आमच्या आप्पांनी जन्मात चहाला तोंड लावले नव्हते!

"खोडून पुन्हा लिहायला सांगा," कन्या म्हणाली. "हवं तसं होईपर्यंत."

हवे तसे! हवे तसे आप्पा मला कधी मिळाले नाहीत, म्हणून तर ते माझे आप्पा.

त्या रात्री मी वही घेतली आणि तोच प्रसंग लिहिला. आप्पा सुपारी कातरत राहिले. वर न पाहता म्हणाले, "ताट झाकून ठेवलंय. जेवून घे."

यंत्र चुकले नसते, तर हे वाक्य मला सुचले नसते, हेही कबूल केले पाहिजे.

सकाळी कन्येने वही वाचली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा असे होते? तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस," असे म्हणणार होतो. पण ते थेट आप्पांसारखे झाले असते. मी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसलो आणि सांगू लागलो.