बायलकुप्पेचा मका आणि स्वेटरचा प्रवास

हिवाळ्यात पुणे-नागपूरच्या रस्त्यांवर तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकाने लागतात. त्यांतील अनेकांचे नाते शेतीशी आहे. म्हैसूर जिल्ह्यातील बायलकुप्पे येथे १९६०च्या दशकाच्या प्रारंभी जंगल साफ करून तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. मायदेशी त्यांचे मुख्य अन्न त्साम्पा, म्हणजे आपल्या सातूच्या पिठासारखे भाजलेल्या जवाचे पीठ. येथील उष्ण, पावसाळी हवेत मका हेच प्रमुख पीक ठरले. मोमो आणि थुक्पा मात्र स्वयंपाकघरात टिकून राहिले. पहिल्या पावसावर पेरणी, पावसाळा सरता काढणी आणि मग स्वेटरची गाठोडी घेऊन शहरांकडे प्रस्थान, असा हा वर्षक्रम.

या वर्षक्रमाला २०१८ पासून नवा धोका आहे. त्या वर्षी अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकातच आढळली. डोक्यावर उलट्या ‘वाय’ची खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ही तिची ओळख. ती पोंग्यात दडून कोवळी पाने खाते. जोरदार सरींनी लहान अळ्या धुऊन जातात. पावसात खंड पडला की प्रादुर्भाव वाढतो. हात अपुरे पडून पेरण्या मागेपुढे झाल्या, तर किडीला सतत कोवळे पीक मिळते.

म्हणून शिवारभर एकाच वेळी पेरणी, उगवणीपासून कामगंध सापळे, अंडीपुंजांचा नाश आणि प्रारंभीच पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी आवश्यक आहे. पोंगा वाचला, तरच पुढच्या प्रवासाची शिदोरी बांधता येईल.