कॅमेऱ्यामागचे जाळे

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव. गाव कोणतेही असो, आपल्या समाजातील अनेक घरांचे चित्र आज सारखेच आहे. मुले नोकरीनिमित्त दूरदेशी आणि वडिलोपार्जित घरात केवळ वृद्ध आईवडील. त्यांच्या काळजीपोटी मुले घराला कॅमेरे बसवून घेतात. कॅमेऱ्याची निवड मोठ्या चिकित्सेने होते. त्यामागील तारा, स्विच आणि राउटर मात्र बसविणाऱ्याच्या मर्जीवर सोडले जातात. वस्तुतः ऐन वेळी दगा देते ते बहुधा हे जाळेच.

पहिला प्रश्न तारेचा की बिनतारी, हा. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून वाय-फायचे संकेत क्षीण होतात. शिवाय बहुतेक वाय-फाय कॅमेऱ्यांनाही विजेसाठी तार न्यावीच लागते. त्यापेक्षा एकाच तारेतून चित्र आणि वीज दोन्ही वाहून नेणारी ‘पीओई’ पद्धत कायमच्या व्यवस्थेसाठी अधिक भरवशाची. तिचे पहिले मानक २००३ साली निश्चित झाले. त्यानुसार स्विचच्या प्रत्येक पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते. २००९ च्या मानकाने ही मर्यादा ३० वॅटपर्यंत नेली. घरगुती स्थिर कॅमेऱ्यास सामान्यतः पहिलेच मानक पुरते.

स्विच घेताना केवळ पोर्ट मोजू नयेत. त्याची एकूण वीजक्षमताही पाहावी. समजा, स्विच एकंदर ६० वॅट देऊ शकतो. आठ कॅमेरे दिवसा प्रत्येकी ५ वॅट घेतात, म्हणजे ४० वॅट. सर्व सुरळीत चालते. रात्री अवरक्त दिवे लागताच प्रत्येकाची गरज ८ वॅटवर गेली, तर एकूण ६४ वॅट होतात आणि एखादा कॅमेरा बंद पडू शकतो. ज्या वेळेसाठी राखण ठेवली, नेमक्या त्याच वेळी डोळा मिटतो! म्हणून रात्रीच्या गरजेची बेरीज करून वर चतुर्थांश क्षमता शिल्लक ठेवावी.

तार शुद्ध तांब्याची, ‘कॅट ६’ प्रतीची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तिचा विद्युतरोध अधिक असल्याने लांबवर वीज कमी पोहोचते. स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंतचे अंतर १०० मीटरच्या आत ठेवावे.

साठवणुकीचे गणितही सोपे आहे. सेकंदाला ४ मेगाबिट पाठविणारा कॅमेरा अहोरात्र चालला, तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा व्यापतो. असे चार कॅमेरे असल्यास २ टेराबाइटच्या डिस्कवर जेमतेम अकरा दिवसांचे चित्रण राहते. महिनाभर बाहेरगावी जाणाऱ्यांनी हे आधीच ध्यानी घ्यावे. राउटर, स्विच आणि रेकॉर्डर ही तिन्ही उपकरणे यूपीएसवर असावीत. अन्यथा वीज गेली की पहाराही गेला.

सर्वांत महत्त्वाची बाब परवलीच्या शब्दाची. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या संकेतस्थळांची सेवा खंडित केली. तिची युक्ती साधी होती: कारखान्यात घातलेले सर्वपरिचित परवलीचे शब्द वापरून पाहणे. मालकांनी ते बदललेच नव्हते. जामदारखान्याच्या किल्ल्या चोराच्या हाती देण्याचाच हा प्रकार. म्हणून राउटर व रेकॉर्डर दोहोंचे परवलीचे शब्द पहिल्याच दिवशी बदलावेत, ते बसविणाऱ्याकडे राहू देऊ नयेत आणि रेकॉर्डरकडे बाहेरून थेट येणारी वाट राउटरमध्ये उघडी ठेवू नये. सुरक्षा-सुधारणा दीर्घकाळ पुरविणाऱ्या उत्पादकाचेच उपकरण घ्यावे. शक्य तर कॅमेऱ्यांचे जाळे घरातील इतर वापराच्या जाळ्यापासून वेगळे असावे.

कॅमेरे दाराशी, अंगणात, जिन्यात लावावेत. आईवडिलांच्या खोलीत नव्हे. सुरक्षिततेइतकाच खाजगीपणाही त्यांचा हक्क आहे. खरेदीपूर्वी कागदावर घराचा नकाशा काढून अंतरे, वॅट आणि दिवस यांचा हिशेब मांडावा. दूर असलेल्या मुलांचा निर्धास्तपणा या अर्ध्या तासाच्या आकडेमोडीवरच उभा राहणार आहे.