मनगटावरचा दुसरा फोन

खिशात फोन असताना त्याचीच कामे करणारी अ‍ॅप्स मनगटावर कशासाठी, हा प्रश्न कंजूषपणाचा नव्हे. तो सीमान्त उपयोगितेचा आहे. अ‍ॅपल कंपनीचे घड्याळ २०१५ साली बाजारात आले, तेव्हा दुकाने, नकाशे, छायाचित्रे असे सारे काही त्या चिमुकल्या पडद्यावर कोंबण्याची अहमहमिका लागली. परंतु २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉन व गूगल मॅप्स यांनी त्या घड्याळावरील आपली अ‍ॅप्स काढून घेतली. २०१८ मध्ये इन्स्टाग्रामनेही तोच मार्ग धरला. (नकाशे २०२० मध्ये परतले, आणि ते साहजिकच, सायकलस्वाराला प्रत्येक वळणावर खिशात हात घालता येत नाही.)

नाडीच्या ठोक्यांची गोष्ट निराळी. त्यांची अखंड नोंद ठेवणारे यंत्र त्वचेला लागूनच असावे लागते. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या वृद्धाचा फोन तर बहुधा बाहेरच्या खोलीत असतो. अशा वेळी पडल्याची जाणीव होऊन मदत मागणारे घड्याळ चैनीची वस्तू उरत नाही.

हप्त्यांनी घड्याळ घेणाऱ्या कारकुनाला मात्र जाहिरात हा भेद सांगत नाही. निरोप आल्याचे तो मनगटावर पाहतो, आणि उत्तर लिहिण्यासाठी खिशातून फोन काढतो.